व्हीपीएन हिरवं दिसतंय, पण ऑफिसचा कॉम्प्युटर काही उघडत नाही

यावलकरीण | ५ मे, रात्री ९.४०

राम राम मंडळी. हा धागा तंत्रज्ञानात टाकावा की रडगाण्यात, कळेना.

मी पुण्यात एका औषध वितरकाकडे अकाउंट्सला आहे. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर यावलला आलेय, काम घरूनच. ऑफिसचा लॅपटॉप सोबत आहे, विंडोज ११ प्रो. टॅली मात्र ऑफिसातल्या माझ्या डेस्कटॉपवर. म्हणून आधी व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा खाजगी मार्ग, लावायचं (विंडोजमधलंच, एल-टू-टीपी प्रकारचं), मग रिमोट डेस्कटॉपने त्या मशीनवर जायचं. आयटीतल्या मुलाने मी निघताना दहा मिनिटांत सगळं लावून दिलं आणि तो रजेवर गेला. स्वतःच्याच लग्नाच्या, त्यामुळे फोनही करवत नाही.

त्रास असा. घरच्या वायफायवर (गल्लीतल्या केबलवाल्याचं फायबर) व्हीपीएन दोन सेकंदांत जोडलं जातं, 'कनेक्टेड' येतं. रिमोट डेस्कटॉप मात्र गोल गोल फिरून शेवटी सांगतं की समोरच्या कॉम्प्युटरशी जोडता येत नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच लॅपटॉप, तेच व्हीपीएन, आणि डेस्कटॉप झटक्यात उघडतो! पण आमचं घर धाब्याचं, भिंती दीड हाताच्या. रेंज हवी तर वर धाब्यावर जाऊन बसावं लागतं. मे महिन्यात. यावलला.

दुसरं म्हणजे हे सगळं लावल्यापासून लॅपटॉपवरचं क्रोम मेलंय. व्हीपीएन बंद असताना म्हणतं, प्रॉक्सी सर्व्हरशी संपर्क होत नाही. हॉटस्पॉटवर व्हीपीएन चालू असताना नुसतंच फिरत राहतं. त्याच वायफायवर फोन मस्त चालतो.

११ तारखेला जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) भरायचाय. कोणी वाली आहे का?

सातपुडा_पायथा | ५ मे, रात्री ९.५२

रीस्टार्ट केला का?

यावलकरीण | ५ मे, रात्री ९.५५

दादा, एवढ्या वेळा केलाय की बटणावरचं चिन्ह पुसलं.

झटपट_जळगाव | ५ मे, रात्री १०.१०

अँटीव्हायरस काढा, फायरवॉल पूर्ण बंद करा, नेटवर्क रिसेट मारा. नव्वद टक्के केसेस इथेच सुटतात. नाही सुटलं तर ऑफिसच्या राऊटरवर ३३८९ पोर्ट (रिमोट डेस्कटॉपचं दार) उघडून घ्या, थेट रिमोट डेस्कटॉप लागेल. व्हीपीएनची भानगडच कशाला?

रुळावरचा | ५ मे, रात्री १०.४८

यावलकरीण, वरचं काहीही करू नका. नेटवर्क रिसेट तर मुळीच नको. त्या मुलाने लावलेलं व्हीपीएनही जाईल आणि तो नवरदेव बोहल्यावरून उठून येणार नाही.

मी भुसावळचा, नेटवर्कच्या कामात पंधरा वर्षं काढलीत. तुमच्या लिहिण्यात उत्तर जवळजवळ आहेच: हॉटस्पॉटवर चालतं, घरच्या वायफायवर नाही. म्हणजे ऑफिसचा डेस्कटॉप जिवंत आहे, पासवर्ड बरोबर आहे, लॅपटॉपची फायरवॉलही आडवी येत नाही. बदललं काय, तर फक्त घरचं नेटवर्क.

घरच्या वायफायवर व्हीपीएन जोडा, कमांड प्रॉम्प्टमध्ये आयपीकॉन्फिग मारा आणि दोन आकडे सांगा: वायफायचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आणि व्हीपीएनचा आयपी. ऑफिसच्या डेस्कटॉपचा आयपीही द्या. हे घरातले आकडे असतात, इथे लिहिले तरी हरकत नाही. व्हीपीएन सर्व्हरचा बाहेरचा पत्ता मात्र लिहू नका. मग त्या डेस्कटॉपला पिंग करा, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक मारा, आणि जी ओळ येईल ती जशीच्या तशी द्या.

यावलकरीण | ५ मे, रात्री ११.०५

वायफाय १९२.१६८.१.७
व्हीपीएन १०.१०.८.२३
ऑफिसचा डेस्कटॉप १९२.१६८.१.४५

पिंगला उत्तर येतंय, पण विचित्र: '१९२.१६८.१.७ कडून उत्तर, ठिकाण पोहोचण्याजोगं नाही.' उत्तर माझ्याच लॅपटॉपकडून कसं येतं?

रुळावरचा | ५ मे, रात्री ११.३०

कारण पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, तुमच्या घराबाहेर पडलंच नाही.

धुळ्याला गल्ल्यांना नंबर आहेत, माहीत असेलच. समजा यावलच्या कुणी हौशी माणसानेही आपल्या पेठेत गल्ली नंबर ५ अशी पाटी लावली. आता तुम्ही पाकिटावर नुसतं 'गल्ली नं. ५, घर ४५' लिहून यावलच्या पोस्टमनला दिलंत, तर तो बस पकडून धुळ्याला जाईल का? तो इथल्याच गल्ली ५ मध्ये फिरेल, ४५ नंबरचं घर नाही म्हणेल आणि पाकीट तुमच्याच हातात परत देईल.

घरचं नेटवर्क १९२.१६८.१, ऑफिसचंही १९२.१६८.१. विंडोजचा नियम साधा आहे: जो मार्ग जास्त नेमका, तो आधी. व्हीपीएन म्हणतं, 'सगळं जग माझ्याकडून.' वायफाय म्हणतं, '१९२.१६८.१ चे २५६ पत्ते इथे माझ्या दारातच आहेत.' दुसरा मार्ग नेमका, म्हणून तो जिंकतो. व्हीपीएन बिचारं हिरवं होऊन बसून राहतं, त्याच्याकडे कुणी काही देतच नाही. हॉटस्पॉटवर तुमच्या फोनने वेगळी मालिका दिली असणार, म्हणून तिथे टक्कर झाली नाही.

खाजगी वापरासाठी तीन पट्टे राखून ठेवलेत: १० ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१, आणि १९२.१६८ चे सगळे. एवढं रान मोकळं असताना राऊटर बनवणारे १९२.१६८.० आणि १९२.१६८.१ वरच का बसतात, आणि ऑफिस उभारणारे तेच का राहू देतात, हे मला पंधरा वर्षांत कळलेलं नाही.

उपाय: घरच्या राऊटरचा आतला पत्ता १९२.१६८.७७.१ करा. बाकी कशाला हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट.

रावेर_केळी | ५ मे, रात्री ११.४१

अगदी अगदी! माझ्याकडे याहून भारी झालं होतं. ऑफिसच्या सर्व्हरचा आयपी टाकला की आमच्या केळीच्या गोदामातल्या कॅमेऱ्याचं लॉगिन यायचं. मी आठवडाभर त्यात ऑफिसचा पासवर्ड टाकत होतो आणि आयटीला शिव्या देत होतो.

यावलकरीण | ६ मे, सकाळी ८.२०

पोस्टमनवरून आईलासुद्धा समजलं. 😄 पण राऊटर केबलवाल्याचा आहे, पासवर्ड त्याच्याकडे. फोन केला तर म्हणे, 'पासवर्ड नही देता येत ताई. मागे एकाने रिसेट मारला, मंग आख्खा दिवस मी त्याच्या घरी.' वेळ मिळाला तर शनिवारी येईन म्हणतो.

रुळावरचा | ६ मे, सकाळी ९.१५

त्याचंही खरं आहे. तोवर तात्पुरती पायवाट करू. वायफायच्या २५६ पत्त्यांच्या मार्गापेक्षाही नेमका मार्ग, म्हणजे एकाच पत्त्याचा मार्ग, व्हीपीएनला द्यायचा. पॉवरशेलमध्ये 'अ‍ॅड-व्हीपीएन-कनेक्शन-राऊट' ही कमांड (टाइप करताना अर्थात इंग्रजीत), पुढे व्हीपीएनचं नाव आणि पत्ता १९२.१६८.१.४५/३२. ते ३२ महत्त्वाचं. त्याचा अर्थ 'फक्त हे एकच घर'. जुनी 'राऊट अ‍ॅड'ही चालते, पण व्हीपीएन तुटलं की तिचा भरवसा नाही. ही नवी कमांड व्हीपीएनच्या नोंदीतच लिहिली जाते, दर वेळी जोडताना आपोआप लागते.

तोटा एवढाच की घरात १.४५ पत्त्याची वस्तू असेल, तर व्हीपीएन चालू असताना ती दिसणार नाही.

यावलकरीण | ६ मे, सकाळी ९.५०

उघडलं!!! टॅली दिसली!!! रुळावरचे दादा, तुमच्या गाडीला कायम हिरवा सिग्नल राहो.

यावलकरीण | ६ मे, सकाळी १०.२५

आनंद फार टिकला नाही. लॉगिन होतं, डेस्कटॉप दिसतो, टॅलीत मोठा रिपोर्ट उघडला की स्क्रीन गोठते. कधी पूर्ण काळी. मिनिटभराने तुटतं. हॉटस्पॉटवर असं होत नव्हतं.

धुळ्याचे_आप्पा | ६ मे, सकाळी १०.४०

काबरं घाबरस बेटा, व्हई जाई बठ्ठं. मी १९९७ मध्ये डायल-अपवर अख्खा ताळेबंद पाठवलाय. फाइल अर्ध्यात आली की घरचे फोन उचलायचे आणि पुन्हा पहिल्यापासून.

दरम्यान त्या ३३८९ पोर्टवाल्याला कुणी उत्तर दिलं नाही, ते मी देतो. झटपटराव, माझ्या ओळखीच्या एका जिनिंगवाल्याने हेच केलं होतं. नाव घेत नाही, माणूस भला आहे. ऐन कापसाच्या हंगामात सोमवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला तर सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि डेस्कटॉपवर खंडणीची चिठ्ठी. बॅकअप कुठे? त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या ड्राइव्हवर! तोही गेला. शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या वह्या हाताने लिहिणारा एक म्हातारा दिवाणजी होता म्हणून ते वाचले.

रुळावरचा | ६ मे, दुपारी १२.०५

आप्पांना अनुमोदन. इंटरनेटवर उघडा ३३८९ दिसला की यंत्रं रात्रंदिवस पासवर्ड ठोकत बसतात. आणि पासवर्डचीही गरज पडेल असं नाही. २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाची त्रुटी सापडली होती, तीत विंडोज ७ सारख्या जुन्या मशीनवर लॉगिन न करताच आत शिरता येत होतं. ती इतकी गंभीर होती की मायक्रोसॉफ्टने २०१४ मध्येच वाऱ्यावर सोडलेल्या एक्सपीलाही दुरुस्ती दिली. पोर्टचा नंबर बदलूनही फार फरक पडत नाही. शोधणारे सगळेच नंबर शोधतात.

आता गोठणारी स्क्रीन. लहान पाकिटं जातात, मोठी अडकतात. लॉगिनचा पडदा म्हणजे थोडा डेटा. टॅलीचा रिपोर्ट म्हणजे एकदम भरपूर. साध्या नेटवर्कवर एका पाकिटाची कमाल मर्यादा १५०० बाइट. फायबरवाल्याकडे युजरनेम-पासवर्डने, म्हणजे पीपीपीओई पद्धतीने, लाइन चालत असेल तर १४९२. त्यावर व्हीपीएन आपली वेष्टणं चढवतं. आतली वस्तू तेवढीच ठेवून खोकं वाढवत गेलं की वाटेत कुठल्या तरी दारातून ते आत जात नाही. आणि काही राऊटर 'मोठं आहे' असं सांगतही नाहीत, गुपचूप टाकून देतात.

तपासा: पिंगला 'एफ' (तुकडे करू नको) आणि 'एल' (आकार) असे दोन पर्याय लावा. डेस्कटॉपला नको, त्याची फायरवॉल पिंगला उत्तर देत नसेल; ऑफिसातल्या ज्या सर्व्हरचं उत्तर येतं त्याला करा. त्याच्या पत्त्यासाठीही सकाळचीच कमांड आधी लावा. १३७२ पासून दहा-दहाने खाली या. जो सगळ्यात मोठा आकडा जाईल त्यात २८ मिळवा, ती तुमच्या व्हीपीएनच्या बोगद्याची खरी मर्यादा.

यावलकरीण | ६ मे, दुपारी १२.४०

१३७२ नाही. १३६२ नाही. १३५२ नाही. १३४२ नाही. १३३२ गेला! म्हणजे १३६०?

रुळावरचा | ६ मे, दुपारी १.१०

बरोबर. दोन कामं. ऑफिसात नवरदेवाच्या जागी जो बसला असेल त्याला सांगा: व्हीपीएनच्या फायरवॉलवर टीसीपीचा एमएसएस (एका पाकिटात भरायच्या मालाची मर्यादा) १३२० करून दे. हा शब्द त्याला कळेल. नाही कळला तर फोन माझ्याशी लावून द्या.

दुसरं तुमच्याकडे. रिमोट डेस्कटॉप टीसीपीबरोबर यूडीपी ही डेटा पाठवायची दुसरी पद्धतही वापरतं आणि एमएसएसचा लगाम यूडीपीला लागत नाही. तुमचं विंडोज प्रो आहे, म्हणजे ग्रुप पॉलिसी एडिटर आहे. त्यात रिमोट डेस्कटॉप क्लायंटखाली क्लायंटवरचं यूडीपी बंद करण्याचा पर्याय आहे, तो चालू करा आणि रिमोट डेस्कटॉप पुन्हा जोडा. आधी दुसरं करून बघा, ते तुमच्या हातातलं आहे.

यावलकरीण | ६ मे, दुपारी ३.३०

यूडीपी बंद केल्यावर काळी स्क्रीन गेली. ऑफिसातल्या मुलाने एमएसएस लावल्यावर गोठणंही गेलं. दीड तास झाला, एकदाही तुटलं नाही.

आता उरलं क्रोम.

अक्का_नंदुरबार | ६ मे, रात्री ८.१५

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये आहे, प्रॉक्सीशी (नेट ज्या मधल्या सर्व्हरमधून जातं तो) रोजचं भांडण. तुझ्या पहिल्याच पोस्टमध्ये एक गोष्ट बारकाईने लिहिलीयस, त्याबद्दल शाबासकी: दोन वेळचे दोन वेगळे एरर. बहुतेक जण 'नेट चालत नाही' एवढंच लिहितात.

सेटिंग्जमध्ये प्रॉक्सीच्या पानावर जा. 'मॅन्युअल प्रॉक्सी' चालू असेल आणि तिथे ऑफिसचा एखादा पत्ता असेल.

यावलकरीण | ६ मे, रात्री ८.३०

हो अक्का. १९२.१६८.१.५, पोर्ट ३१२८.

अक्का_नंदुरबार | ६ मे, रात्री ९.००

३१२८ म्हणजे स्क्विड या प्रॉक्सी सॉफ्टवेअरचं नेहमीचं पोर्ट. त्या मुलाने ऑफिसात सगळ्यांना लावतो तसंच तुलाही लावून दिलं. ऑफिसात बरोबर. यावलच्या घरात व्हीपीएन नसताना १.५ वर कोण बसलंय? कुणीच नाही. क्रोम प्रत्येक पान त्या रिकाम्या खुर्चीकडे मागतं आणि प्रॉक्सी सापडत नाही म्हणतं. फोनला हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून तो चालतो.

आता गंमत ऐक, ही आयटीवाल्यांनाही पुष्कळदा माहीत नसते. विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनला प्रॉक्सीची वेगळी चौकट असते. व्हीपीएन जोडलं की मुख्य पानावरची प्रॉक्सी लागू होत नाही, त्या जोडणीची स्वतःची लागू होते. तुझी ती रिकामी असणार. म्हणून व्हीपीएन चालू असताना क्रोम प्रॉक्सीशिवाय बाहेर जायला बघतं, ऑफिसची फायरवॉल थेट जाऊ देत नाही, आणि ते फिरत राहतं. थोडक्यात, नको तेव्हा प्रॉक्सी आहे आणि हवी तेव्हा नाही.

मुख्य पानावरची मॅन्युअल प्रॉक्सी बंद कर. मग व्हीपीएनच्या पानावर त्या जोडणीच्या प्रगत पर्यायांत जा, खाली प्रॉक्सी आहे, तिथे १९२.१६८.१.५ आणि ३१२८ टाक. सध्या वायफायचीही मालिका तीच आहे, तेव्हा दादांची कमांड १.५ साठीही एकदा चालव.

यावलकरीण | ६ मे, रात्री ९.४०

अक्का, पाया पडते. दोन्हीकडे क्रोम चालतंय. फक्त ऑफिसचं हजेरीचं पान (१९२.१६८.१.२०) उघडत नाही, प्रॉक्सी नकार देते. 'स्थानिक पत्त्यांना प्रॉक्सी नको' वर टिचकी आहे तरी. तुम्ही सांगायच्या आधीच १.२० साठीही मार्ग लावलाय!

अक्का_नंदुरबार | ६ मे, रात्री ९.५०

त्या टिचकीवर विसंबू नको. तिच्या लेखी 'स्थानिक' म्हणजे ज्या नावात टिंब नाही ते. नुसतं 'हजेरी' असं नाव असतं तर चाललं असतं; १९२.१६८.१.२० मध्ये तीन टिंबं आहेत. अपवादांच्या चौकटीत १९२.१६८.१.* टाक. अनेक पत्ते असतील तर मध्ये अर्धविराम, स्वल्पविराम नाही. या एका अर्धविरामापायी माझे दोन दिवस गेलेत.

आणि एक, रिमोट डेस्कटॉप ब्राउझरच्या प्रॉक्सीतून जात नाही. डेस्कटॉप उघडत नाही म्हणून प्रॉक्सी खुडबुडू नये.

एमआयडीसी_डाळवाला | ७ मे, सकाळी ११.२०

थोडं अवांतर. आमची जळगावला डाळ मिल आहे. मला उलटं हवंय: घरून मिलच्या कॉम्प्युटरवर जायचंय. राऊटरमध्येच व्हीपीएन सर्व्हर आहे, तो चालू केला, पण बाहेरून जोडलंच जात नाही. एरर ८०९.

रुळावरचा | ७ मे, दुपारी १.००

राऊटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा आयपी बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्हाला स्वतःचा पत्ताच मिळालेला नाही. कंपनीने बऱ्याच ग्राहकांना एका पत्त्यामागे बसवलंय. बाहेरून येणाऱ्याला तुमचं दार सापडणार नाही. एकतर पैसे भरून स्थिर आयपी घ्या, नाहीतर टेलस्केलसारखं काहीतरी, ज्यात दोन्ही टोकं आतून बाहेर येऊन भेटतात. स्थिर आयपी असूनही ८०९ आला तर यूडीपी ५०० आणि ४५०० अडलेत का बघा.

आणि मिलच्या कॉम्प्युटरवर विंडोज होम असेल तर तो रिमोट डेस्कटॉपने उघडणारच नाही, त्याला प्रो लागतं. हे आधी बघा. लोक सगळं उभारतात आणि शेवटी इथे अडकतात.

एमआयडीसी_डाळवाला | ७ मे, दुपारी १.०८

१००.७२ आहे. आणि होम आहे. 🙏

यावलकरीण | ९ मे, संध्याकाळी ६.१०

अपडेट. केबलवाला आज आला. आईने खापरावरचे मांडे आणि आंब्याचा रस केला होता. दोन मांडे झाल्यावर स्वतःहून म्हणाला, 'काय नंबर पाहिजे होता ताई?' राऊटर आता १९२.१६८.७७.१. त्या ३२ वाल्या पायवाटा काढून टाकल्या, सगळं सरळ रस्त्याने चालतंय. जाताना त्याने तो नंबर वहीत लिहून घेतला. पुण्या-मुंबईच्या ऑफिसवाल्यांची अशीच तक्रार आणखी चार घरांतून आहे म्हणे, तो इतके दिवस त्यांना वायर बदलून देत होता.

यावलकरीण | ११ मे, दुपारी ४.४५

जीएसटीआर-१ गेला. मध्ये पाऊण तास लाइट नव्हती, पण राऊटरला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावलाय आणि लॅपटॉपला बॅटरी. पुण्याचा डेस्कटॉप मात्र झोपून गेला होता. वॉचमनकाकांना फोन करून कीबोर्डवरचं कुठलंही बटण दाबायला लावलं. त्याचं स्लीप आता बंद केलंय.

चोपड्याचा_पोर | ११ मे, रात्री १०.२०

धागा वाचून घरचा आयपी बघितला: १९२.१६८.१.१२. ऑफिसचा १९२.१६८.१.३०. आमच्या केबलवाल्याला शुगर आहे, रस चालत नाही. दुसरं काय खाऊ घालू?